पोटातला फुगा

शहाद्याच्या बसस्टँडवर माझ्या शेजारी बसलेले ते भलेदांडगे काका अर्धा पेला ताक वीस मिनिटं पीत होते. न राहवून विचारलंच. म्हणाले, वजन उतरावं म्हणून सुरतच्या डॉक्टरांनी तोंडावाटे पोटात फुगा बसवलाय. काप नाही, टाका नाही. सहा महिन्यांनी काढणार.

मग पोटावर हलकेच थाप मारून हसले. "जलमभर माले पंगतमा 'बस' म्हनता उनं नही, भाऊ. आते मन्हा करता हाऊ फुगा म्हनस."

"आणि फुगा काढल्यावर?"

त्यांनी हसू आवरून पेला बाकावर ठेवला. मी उगाच विचारलं, असं वाटून डबा उघडला आणि शिरा पुढे केला. "थोडा तरी घ्या."

त्यांनी समोर नसलेल्या ताटावर दोन्ही तळवे आडवे धरले.

"बस," म्हणाले. "प्रॅक्टिस करी ऱ्हायनू."