सुलीचा वाटा

सरकारी दवाखान्यातली औषधं महिनाअखेर यायच्या आत संपायची. किस्से मात्र साठत जायचे! साठ साल उजाडायच्या थोडं आधी मी देवबागजवळच्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाले. मी पहिल्यापासून हट्टी. शिकताना एक गोष्ट डोक्यात पक्की बसली होती: मूल वेळेत मान धरत नसेल, बसत नसेल, तर त्याला लवकर आणा. लवकर आणलं तर हातापायांना शिकवता येतं. 'चालेल हळूहळू' म्हणत राहिलं की तो वेळ परत मिळत नाही. हे गावाला पटवल्याशिवाय बदली मागायची नाही, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

*

आमचे डॉक्टर पुण्याकडचे. त्यांनी दवाखान्याच्या कुंपणावर झकास बोर्ड लावला: 'बालकाच्या विकासातील विलंबाकडे दुर्लक्ष करू नये.'

महिनाभर एक मूल आलं नाही. रोज बोर्डासमोर थांबणाऱ्या एका म्हाताऱ्याला मी विचारलं, "आजोबा, काय कळलं?"

"सरकारी बोर्ड आसा, म्हणजे कायतरी मनाई असतली. म्हणान मी माजो बैल हय बांधूचो सोडलंय!"

*

मग मी कट्टा गावच्या बाजारात उभी राहून हेच ओरडून सांगायला लागले. शेजारी देवबागची पार्वतीकाकी मासे विकत होती. तिने थोडा वेळ ऐकलं.

"बाईनू, तुमी काय इकतात?"

"काही नाही. फुकट सांगते."

"फुकट? मगे कोणय ऐकूचो नाय!"

दुसऱ्या आठवड्यापासून तिनेच सुरुवात केली. दारोदार आरोळी जायची, "बांगडे घेवा, पेडवे घेवा! आणि पोर वर्साचा जावन बसणा नसात तर बाईंकडे व्हरा!" मूल न्यायला नको म्हणणाऱ्या बाईला ती मासे द्यायची नाही. पंधरा दिवसांत चार मुलं आली. डॉक्टरांनी बोर्ड काढला.

*

जत्रेत गावकार देवाला गाऱ्हाणं घालतो आणि सगळा गाव 'व्हय म्हाराजा' म्हणतो. मी गावकाराच्या मागे लागले. तो वैतागून हो म्हणाला.

"बा देवा म्हाराजा! खंयच्या घरात पोर येळार मान धरणा नसात, बसणा नसात, तर त्याच्या आवशीबापाशीक दवाखान्यात जावची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज आमच्या डॉक्टरांचा होता. आणि ते म्हणे देव मानत नव्हते!

*

एकदा मी अचानक पार्वतीकाकीच्या घरी गेले. मागच्या पडवीत गोधडीवर दीड वर्षाची नात पडलेली. सुली. बसत नव्हती. मी तिला धरून बसवून पाहिलं, ती कलंडली.

"आमच्यात सगळी उशिरान चालतत," काकी खाली बघत म्हणाली. तिचा नवरा रापणीचा तांडेल, जाळं ओढणाऱ्या सगळ्यांचा म्होरक्या. तो दारातून म्हणाला, "चेडवाची जात. गावात बोभाटो नको."

माझं डोकंच फिरलं. "दुसऱ्यांच्या दारात ओरडतेस आणि स्वतःच्या घरात लपवतेस?" फार बोलले मी. परतताना मलाच रडू आलं.

दुसऱ्या दिवशी काकी दवाखान्याकडे निघाली. डोक्यावर माशांची पाटी, वर फडकं. वाटेत बायका विचारत होत्या, "काय हाडलंस गो?"

"आज इकूचा नाय ता!"

पाटी माझ्यासमोर उतरली. घासूनपुसून धुतलेली. आत सुली, तोंडात अंगठा.

*

तिला बसवायला खुर्ची कुठली आणणार? देवबागला वाळू मात्र हवी तेवढी. मी किनाऱ्यावर तिच्या कमरेएवढा खड्डा केला, तिला आत बसवलं आणि चहूबाजूंनी ओली वाळू दाबायला घेतली.

"धावा रे! बाई चेडवाक पुरतत!" लांबून कुणीतरी बोंब ठोकली.

अख्खी वाडी धावली. पुढे तांडेल, हातात वल्हं!

सुली ताठ बसली होती. दोन्ही हात मोकळे, मुठीमुठीने वाळू उडवत होती. तांडेलाने वल्हं खाली ठेवलं. आयती गर्दी जमलेली पाहून मी तिथेच समजावायला सुरुवात केली. दोन बायका मधूनच उठून गेल्या आणि आपापली मुलं घेऊन आल्या.

संध्याकाळी तांडेलाने दुसरा खड्डा केला. तो सांगायचा, भरतीचं पाणी येणार नाही अशी जागा फक्त त्यालाच कळते.

*

खड्डे होत राहिले. आधी बसण्यासाठी, मग उभं राहण्यासाठी. सुली साडेतीन वर्षांची झाली.

रापणीचा नियम जुना: जाळ्याच्या दोरीला ज्याचा हात लागला, त्याला माशांचा वाटा. त्या सकाळी किनाऱ्यावर रापण ओढत होते. मी काकीशी बोलत होते, आणि बोलता बोलता तिने माझा दंड घट्ट धरला. रांगेच्या शेवटी, दोन्ही हातांनी दोरी पकडून, सुली उभी होती. खड्डा नव्हता.

वाटे घालताना तांडेलाने एक वाटा जास्त घातला.

"ह्यो कोणाचो?" एकाने विचारलं.

"सुलयेचो."

"ती खंय ओढी होती? नुसती उभी होती!"

"उभी होती मां?" तांडेल म्हणाला. "मगे?"

चार बांगडे. किनाऱ्यावरच्या एका गिऱ्हाइकाने पार्वतीकाकीला त्यांचा भाव विचारला. काकीने पदराने डोळे पुसले आणि बांगडे सुलीच्या ओच्यात घातले.

"इकूचे नाय ते."