हबसाणातलं गोडं पाणी

ज्या वर्षी आमचं बावखल खारं झालं, त्या वर्षी मी देवावर रुसले होते. सकाळी दिवा लावायची, पण नमस्कार करायची तो भांडल्यासारखा. नालासोपाऱ्याहून कळंबच्या समुद्राकडे जाताना वाटेत आमची वाडी. थोडी केळी, थोडा मोगरा आणि मुख्य म्हणजे पानवेल. सगळ्याला पाणी एका बावखलाचं. बावखल म्हणजे आमच्याकडची रुंद, उघडी, पायऱ्यांनी आत उतरता येईल अशी विहीर. सासऱ्यांच्या काळी तिच्यावर बैलाचा रहाट चालायचा. पुढे वीज आली, यांनी पंप बसवला आणि रहाट गोठ्यामागे आडवा पडला. मलाही पंपाचं भारी कौतुक होतं. बटण दाबलं की पाणी, मग बैलामागे कोण फिरणार?

पाणी बिघडलं ते आधी चुलीवर कळलं. तुरीची डाळ शिजेना. कितीही उकळा, दाणा आपला दाण्यासारखाच. मग चहातलं दूध फाटायला लागलं आणि मग पानवेलीची पानं कडेने पिवळी पडून गळू लागली. हे म्हणाले, वरचं पाणी खराब झालंय, गोडं असेल ते खालीच. म्हणून पंपाची नळी खाली सोडली. थोडे दिवस बरं वाटलं, पुन्हा खारं. मग आणखी खाली. मी काठावर उभी राहून "अजून सोडा, अजून" म्हणत होते. आसपासच्या सगळ्या वाड्यांत हेच चाललं होतं.

पलीकडे तेव्हा इमारती उठायला लागल्या होत्या. एका बिल्डरचा माणूस आमच्याकडे खेपा घालत होता. एकदा जेवताना हे खाली मान घालून म्हणाले, "पान गेलं म्हणजे वाडी गेली. वैशाख संपला की त्याला हो सांगून टाकतो." ताटात कच्ची डाळ होती, त्यामुळे मला उलट बोलायलाही तोंड नव्हतं. पण आमच्या घरात नव्या नवरीला पहिल्याच दिवशी शिकवतात की पानमळ्यात शिरताना चपला बाहेर काढायच्या. त्या जागेवर आता सिमेंट पडणार होतं. त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही.

सासरच्यांचं मूळ मुरुड-जंजिऱ्याकडचं. तिथल्या देवीची ओटी आपल्या वेलीच्या पानांनी भरायची, विकतच्या नाही, आणि परतताना तिच्या गावचं गोडं पाणी आणून आपल्या बावखलात सोडायचं, अशी घरची रीत होती. पंप आल्यावर ती मागे पडली. पाण्याची काळजीच सरली होती, देवी कशाला आठवते? आता मी जाते म्हटल्यावर हे हसले. "कळशीभर पाण्यानं बावखल गोड होत असेल, तर एक कळशी समुद्रातही ओतून ये की!" मला राग आला, पण खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. तरी चैत्रात निघाले. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून निघाले, श्रद्धा म्हणून नाही.

भाऊच्या धक्क्यावरून लाँच, रेवसहून एस.टी. अलिबागला दिलेली माझी नणंद सोबतीला आली. देवीपुढे ओटीचं तबक ठेवलं, तेव्हा त्यातली पानं बघून मलाच लाज वाटली. सगळा मळा धुंडाळून त्यातल्या त्यात बरी म्हणून आणलेली, तरी कडा पिवळ्या. "आई, एवढंच राहिलंय," म्हटलं आणि रडू फुटलं. पण घडलं काहीच नाही. कौल नाही, फूल पडलं नाही, मन शांत झालं असंही नाही. मी डोळे पुसून बाहेर आले. नणंद म्हणाली, "वहिनी, पाणी न्यायचंच ना, तर किल्ल्यातलं ने. चहूकडे दर्या आणि आत गोड्या पाण्याचं तळं आहे म्हणतात."

त्या मुलखाला जुनी माणसं हबसाण म्हणतात. आफ्रिकेकडून आलेले हबशी, म्हणजे सिद्दी, आधी दर्यावर्दी आणि मग इथले राजे झाले. जंजिरा त्यांचा, नवाबाचा वाडा त्यांचा, रस्त्यालगतचे कबरींचे घुमटही त्यांच्याच पूर्वजांचे. लहानपणी मी जेवले नाही की आई "हबशी येईल हं" म्हणून भिववायची, त्यामुळे माझ्या मनात काहीतरी भलतंच चित्र होतं. मुरुडच्या बाजारात बघते तर काळ्यासावळ्या, कुरळ्या केसांच्या एक बाई कोळणीशी बोंबलाच्या भावावरून तावातावानं भांडत होत्या. आमच्या अर्नाळ्याच्या बाजारात ऐकावं तसंच. मला हसू आलं आणि पोटातली भीती तिथेच विरली.

राजपुरीहून शिडाच्या होडीनं आम्ही किल्ल्यात गेलो. तटाला लाटा धडकत होत्या आणि आत खरंच ते मोठं दगडी तळं होतं. मी ओंजळभर पाणी प्यायले. गोडं! माझ्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. कळशीला दोर बांधला आणि पुरता खाली सोडायला लागले. तळाचं पाणी थंड, स्वच्छ, जास्त गुणाचं असणार, असा माझा हिशेब.

तेवढ्यात मागून कुणीतरी माझं मनगट धरलं. वळून बघते तर एक म्हातारी सिद्दी बाई. डोक्यावर पदर, हातात अगरबत्तीचा पुडा. किल्ल्यातल्या पिराला धूप घालायला आल्या होत्या.

"खालनं नको काढू, बाय. वरचंवरचं घे."

"का हो, मावशी?"

"माझी आजी ह्याच किल्ल्यात ऱ्हायची. ती आमाला कळशी बुडवू देत नव्हती. म्हणायची, खालचं पानी दर्याचं हाय, ते त्याला ऱ्हाऊ दे. वरचं आपल्याला दिलेलं हाय. दिलंय तेवढं घ्यावं, ओरबाडू नये."

एवढं बोलून त्यांनी माझ्या हातातला दोर गुंडाळला, कळशी आडवी करून अलगद वरच्यावर भरून दिली आणि पिराकडे निघून गेल्या. मी तिथेच पायरीवर बसले. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या पंपाची नळी आली. खाली, आणखी खाली सोडलेली. नणंद विचारत होती, "वहिनी, चक्कर येते का?" मी उठले आणि कळशी कमरेवर घेतली.

घरी आल्यावर रीतीप्रमाणे ते पाणी बावखलात सोडलं आणि यांना म्हटलं, "पंप बंद करा. रहाट लावू या." हे भडकले. ऐन उन्हाळ्यात पंप बंद म्हणजे उरलेलीही पानं जाणार, असं त्यांचं म्हणणं, आणि ते काही चुकीचं नव्हतं. मी म्हटलं, "नाहीतरी वैशाखानंतर सगळं देणारच आहात. तोवर मला द्या." चिडचिड करतच त्यांनी रहाट उभा केला, शेजाऱ्यांचा बैल मागून आणला. सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं, वरच्यावर येईल तेवढंच पाणी काढायचं असं ठरलं. ते सगळ्या मळ्याला पुरेना. अर्धी पानवेल आम्ही डोळ्यांदेखत वाळू दिली. तेव्हा देवीला मी रोज एकच सांगत होते की वाडी तुझी आहे, ठेवायची तर ठेव. पहिल्यांदाच त्या बोलण्यात भांडण नव्हतं.

वैशाख सरता सरता एका दुपारी डाळीचं झाकण काढलं आणि पळी घातली, तर दाणा पळीखाली विरघळला. मी दोनदा बघितलं. यांना काही सांगितलं नाही, नुसतं वाढलं. यांनी पहिला घास घेतला आणि हात थांबला. मग भातात आळं करून आणखी डाळ मागितली. जेवून उठले ते सरळ बावखलावर गेले आणि पंपाची नळी वर ओढून काढली. बिल्डरचा माणूस आला तेव्हा हे रहाटावर होते, खाली उतरलेदेखील नाहीत.

हे देवीनं केलं, पिरानं केलं, की एका म्हातारीच्या आजीनं, याचा वाद मी कुणाशी घालत नाही. मी गाऱ्हाणं देवीपुढे घातलं आणि उत्तर किल्ल्यात मिळालं, एवढं खरं. इतकी वर्षं मी देवाकडूनही ओढूनच घ्यायला बघत होते. समोर ठेवलेलं कधी दिसलंच नव्हतं.

पुढच्या चैत्रात हिरवीगार पानं घेऊन गेले. निम्मी देवीच्या ओटीत घातली, निम्मी किल्ल्यात नेली. त्या मावशी पिराच्या दारात बसल्या होत्या. मला त्यांनी ओळखलं नाही. गेल्या वर्षीचं सांगितलं तर हसल्या. "ते मी समद्यांनाच सांगते, बाय. कोन ऐकतं?"

मी पानं त्यांच्या ओंजळीत ठेवली. त्यांनी एक पुसून तोंडात घातलं, सावकाश चावलं.

"ग्वाड हाय गं. कुठलं पान?"

"तुमच्याच पाण्याचं," मी म्हटलं आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला.