खाणीच्या हद्दीवरचा पाइप

काका अमेरिकेत, नेवाडात, खाणीचा आणि सरकारी जमिनीचा कायदा शिकवायचे. मी चौथी नापास, त्यांची गाडी चालवायचो. गाडीतही शिकवणं चालूच; दर वाक्यानंतर ते थांबायचे, मी लिहून घेतोय असं समजून. मी आपली मान हलवायचो.

एकदा माळावर पोकळ पाइप रोवलेला दिसला. घरच्या टोमॅटोला आधार होईल म्हणून मी अक्कल पाजळून उपटला. आतून चार वाळलेली पाखरं पडली. आत शिरली की वर येता येत नाही त्यांना.

"अरे, खाणवाल्यांच्या हद्दीची खूण आहे ती! उपटणं गुन्हा. परत रोव."

"तोंड तरी बुजवू, काका?"

"हात लावायचा नाही." मग हळूच म्हणाले, "अशा खुणा ठोकायला मीच शिकवलं पोरांना."

पाइप परत रोवून निघालो, तेव्हा एक पाखरू पाइपवर बसून आत डोकावत होतं. काकांनी मान वळवली. मी गाडीतलं गाणं मोठं केलं.