माझं बोलणं, तिला शिक्षा

मी बोलायला लागले सातवीत, आणि तेही चुलत बहिणीच्या आवाजात.

त्याआधी माझ्या वतीने आई बोलायची. जन्मताना माझ्या मेंदूला प्राणवायू कमी पडला. डोकं शाबूत राहिलं, पण हात, पाय आणि जीभ माझं ऐकेनात. घशातून आवाज निघतात, त्यांचे शब्द होत नाहीत. ते आवाज आईला बरोब्बर कळतात अशी तिची ख्याती होती. खरं तर ती मधल्यामध्ये बरीच काटछाट करायची. पाहुण्यांसमोर मी दुधीच्या भाजीला जीव तोडून नाही म्हणायचे आणि आई हसून सांगायची, "अजून हवीये म्हणतेय." की पडली ताटात आणखी डावभर दुधी. असा संताप व्हायचा म्हणून सांगू!

मग शाळेत मॅडम आल्या. माझ्यासारख्या मुलांना शिकवायला त्या आठवड्यातून दोनदा मनवेलपाड्याहून स्कूटीवर आमच्या वटार गावापर्यंत यायच्या. त्यांनी माझ्यासाठी शाळेच्या नावावर एक टॅब मिळवला. पडद्यावर चित्रांच्या चौकटी. मी बोटाच्या पेराने चौकट दाबली की टॅब तो शब्द मोठ्याने बोलणार. आत आधीपासून जो आवाज होता, तो बँकेत टोकन नंबर पुकारणाऱ्या बाईसारखा. मॅडम म्हणाल्या, हिच्या वयाच्या मुलीचा आवाज भरू या. म्हणून चुलत बहिणीची नेमणूक झाली. ती माझ्याहून चार महिन्यांनी मोठी, माझ्याच वर्गात, माझ्याच बाजूला बसणारी आणि माझी खुर्ची ढकलणारी. वाडीतल्या पंपाच्या खोलीत पंप बंद करून तिने सगळे शब्द भरले. "पानी हवं," असं टॅब अगदी आमच्या घरच्यासारखं बोलायला लागला.

कुठले शब्द भरायचे हे ठरवायला अख्खं घर ओटीवर बसलं होतं. मला कोणी विचारलं नाही. आईने सुचवलं, शू लागली. काकूने सुचवलं, पोट भरलं. काकांनी सुचवलं, नमस्कार आणि धन्यवाद. आता आमच्या घरात कधी कोणी कोणाला धन्यवाद म्हटलेलं मी ऐकलेलं नाही, पण मी मात्र म्हणायचं! एवढ्या चौकटी झाल्या, पण भांडायला उपयोगी पडेल अशी एकही नाही.

मी बहिणीला फितवलं. आमच्याकडे केळी उन्हात वाळवून सुकेळी करतात आणि तिचा त्यांच्यावर भारी जीव. माझ्या वाटची सुकेळी तिला, त्या बदल्यात मला भांडणाचे पाच शब्द, असा सौदा आम्ही खुणांनीच केला. पंपाच्या खोलीत दुसऱ्यांदा जाऊन तिने ते भरले. खोटं. चल हट. काय पण फेकतेस. आधी तू करून दाखव. पुरे झालं आता. या शब्दांचं वेगळं पान आम्ही आजारांच्या पानामागे लपवलं, कारण माझं डोकं दुखतंय की पोट, हे बघायला घरातलं कोणी टॅब उघडत नसे.

पहिला बार काकूवर उडाला. शेजारीण आली होती आणि पहाटेपासून आपण एकटीनेच कसं सगळं घर उरकलं, हे काकू तिला रंगवून सांगत होती. मी पेर टेकवलं. "काय पण फेकतेस!" काकूने मागे वळून खुर्चीजवळ उभ्या असलेल्या बहिणीच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

"मी नाही, ही बोलली!"

"त्या बिचारीवर ढकलतेस? लाज नाही वाटत?"

मी बिचारी हसून हसून खुर्चीतून घसरले.

मग मी सोकावले. शाळेत वर्गबाई फळ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "वह्या तपासल्यात मी सगळ्यांच्या." वह्यांचा गठ्ठा टेबलावर जसाच्या तसा बांधलेला दिसत होता. "खोटं!" बाई गर्रकन वळल्या आणि थेट बहिणीला म्हणाल्या, "ऊठ. उभी राहा तास संपेपर्यंत." आवाज तिचा, बाजू तिची, मग दुसरं कोण असणार? आठवड्यातून दोनदा तरी असं व्हायचं. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची म्हणजे काय चैन असते, ते मला विचारा. बहीण चिडायची, वाटेत मुद्दाम खड्ड्यातून खुर्ची न्यायची, पण तिने चुगली कधी केली नाही. कारण बाईंनी एकदा बजावलं होतं, "त्या टॅबशी कोणी खेळ करताना दिसलं ना, तर टॅब कपाटात बंद." कपाट म्हणजे मुख्याध्यापिकांच्या खोलीतलं. त्यात गेलेली वस्तू परत आल्याचं आम्हाला आठवत नव्हतं.

विज्ञानाच्या तोंडी परीक्षेत माझी मजा संपली. मॅडमनी त्यासाठी वेगळं पान केलं होतं: मूळ, खोड, पान, बाष्प, सूर्यप्रकाश असे शब्द, त्यातून बरोबर तो मी निवडायचा. मी जाम अभ्यास केला होता. टॅब मांडीवरून घसरतो म्हणून बहिणीने तो हातात धरला. बाईंनी विचारत जावं, मी दाबत जावं आणि उत्तर बरोबर यावं. शेवटी बाईंनी पेन खाली ठेवलं.

"उत्तरं तू देतेयस की ही?" त्यांनी बहिणीला विचारलं.

"हीच देतेय, बाई."

"आवाज तर तुझा. भरून ठेवलेली उत्तरं तुझी. टॅबही तूच धरलायस. हिला मी गुण कशाचे देऊ?" आणि मग एकदम मायेने, "पण किती जीव लावून शिकवतेस गं बहिणीला! गुणाची आहेस."

माझ्या नावापुढे गुणांच्या जागी त्यांनी लिहिलं, सहभाग घेतला.

माझं टाळकंच सरकलं. पण बाईंवर चिडून काय उपयोग? माझ्या शब्दांचे धपाटे तिने खाल्ले, तेव्हा मी दात काढत होते. आता शाबासकीही तिलाच मिळाली. मी वर्गात आहे हेच बाईंना ठाऊक नव्हतं, आणि ते तसं ठेवायला मीच मदत केली होती.

मॅडमकडे कागदाचा एक अक्षरतक्ता होता. एकेक अक्षर दाखवत मी त्यांच्याशी बोलायचे. एका वाक्याला पाच मिनिटं लागायची, एवढी सवड दुसऱ्या कोणाला नसे. त्या दिवशी मी एवढंच दाखवलं: 'मी' पाहिजे. मॅडमनी टॅबची सगळी पानं चाळली. "अरे देवा," त्या म्हणाल्या, "एवढ्या शब्दांत 'मी' घालायला आपण विसरलोच की!"

बहीण लगेच भरायला पुढे झाली. मी मान हलवली. हा शब्द तिच्या आवाजात भरून काय उपयोग होता? मॅडमनी टॅब माझ्या तोंडाजवळ धरला. मी सगळा जोर लावला. जे निघालं ते म्हशीच्या पारडाच्या रेकण्यासारखं होतं. बहीण फिस्सकन हसली. मॅडमनी न हसता तेच चौकटीत भरून ठेवलं.

"आजारांच्या पानामागचं पान मला पहिल्याच आठवड्यात सापडलंय," त्या हळूच म्हणाल्या. "पण बाईंना कळलं आणि टॅब कपाटात गेला, तर मी काही करू शकणार नाही हं. विचार कर."

मी रविवारभर विचार केला. टॅब गेला की पुन्हा आईचं भाषांतर आणि दुधी. गप्प राहिले तर टॅब माझ्याकडे, पण गुण नाहीत, कारण उत्तरं कायमची बहिणीची. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू?

सोमवारी बाई फळ्यावर तारीख लिहिता लिहिता म्हणाल्या, "या आठवड्यात नक्की तुम्हाला मैदानावर नेणार." हे त्या जूनपासून म्हणत होत्या.

"खोटं!"

"ऊठ," बाई न वळताच म्हणाल्या. बहीण सवयीने उठलीसुद्धा.

मी ती नवी चौकट दाबली. सगळा आवाज चढवून ठेवला होता. पारडू वर्गभर रेकलं. बाई वळल्या. माझा आवाज त्या रोज ऐकत होत्या, पण आत्ता माझं तोंड मिटलेलं होतं आणि पेर चौकटीवर होतं. मी पुन्हा दाबलं, मी. मग, खोटं. मग पुन्हा, मी.

बाई माझ्यापर्यंत चालत आल्या. त्यांचा हात टॅबकडे आला. माझे पाय खुर्चीवर आपटत होते. बाईंनी टॅब उचलला, आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"इतके दिवस तू?"

मी.

त्यांनी टॅब माझ्या मांडीवर परत ठेवला. "बस खाली," त्या बहिणीला म्हणाल्या. मग स्वतः माझी खुर्ची ढकलत मला व्हरांड्यात नेलं आणि ब्रेक लावला. "बाईंना उलट बोलतेस? तास संपेपर्यंत इथेच थांबायचं. आणि उद्या विज्ञानाची तोंडी पुन्हा. टॅब टेबलावर राहील, तुझ्याजवळ कोणी उभं राहणार नाही. बघते किती येतं ते."

त्या वळल्यावर मी एकटीच व्हरांड्यात एवढी हसले की समोरच्या वर्गाच्या बाई दार लोटून घ्यायला आल्या.

संध्याकाळी आईने माझी डायरी उघडली. बाईंनी लाल शाईने लिहिलं होतं, 'आपली मुलगी वर्गात उलट उत्तरं देते. समज द्यावी.' आईने ते मनात वाचलं, मग मोठ्याने वाचलं, मग काकूला हाक मारून वाचून दाखवलं. "बघा, माझी मुलगी उलट उत्तरं देते!" आणि रडायलाच लागली. समज द्यायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

मग डोळे पुसून ती माझ्यासमोर उकिडवी बसली आणि टॅब तिने स्वतः माझ्या हाताखाली सरकवला.

"काय बोललीस गं तू बाईंना? मला सांग ना."

हे तिने मला आजवर कधी विचारलं नव्हतं. मी जेवण होईपर्यंत तिला ताटकळत ठेवलं.