छायाचा पिझ्झा

हिंगणघाटला हायवेच्या कडेला छायाची पिझ्झ्याची गाडी आहे. बेकरीतून तयार बेस आणायचे, त्यावर सॉस, कांदा, सिमला मिरची आणि भरपूर चीज घालून तव्यावर झाकण ठेवून भाजायचे. कॉलेजची पोरं तुटून पडायची. आपण काय विकतो, याचा विचार करायची वेळ छायावर कधी आली नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात प्रवासातलं एक जोडपं गाडीवर थांबलं. बाईंनी दोन घास खाल्ले आणि हसून म्हणाल्या, "चव छान आहे हो. पण याला पिझ्झा नाही म्हणत."

कुणाला लागावं म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. पण ते दोघं गेले आणि छायाचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. ती मोबाइलवर व्हिडिओ बघत सुटली. दिसायचं सगळं, चव काही कळायची नाही. नवरा धनंजय कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. नागपुरात सगळ्यात चांगला पिझ्झा कुठं मिळत असेल, हे ती त्याला जेवताना विचारायची, झोपताना विचारायची. शेवटी एका रविवारी तो वैतागून तिच्यासोबत एसटीत बसला.

पहिलं दुकान काचेचं, थंडगार. तिथला पिझ्झा तिच्यासारखाच, फक्त जास्त मऊ. दुसरीकडे चीजखाली काही लागेचना. छाया दोन घास खाऊन उठायची, उरलेला धनंजय संपवायचा. तिसऱ्या दुकानात त्यानं हात टेकले.

"तू खाले आली का तपासाले?"

छाया वेटरला विचारत होती, की तो स्वतः कुठं खातो. त्यानं धरमपेठेतली एक गल्ली सांगितली.

तिथं घराच्या मागच्या अंगणात विटांची भट्टी पेटली होती. पिझ्झा आला तो जवळजवळ उघडाच. टोमॅटो, चीजचे थोडे ठिपके, फुगून काळपट झालेल्या कडा. करपला म्हणून धनंजय परत करायला निघाला. छायानं कड मोडली. आत जाळी पडलेली, जिलबीच्या पिठासारखा आंबूस वास. नवऱ्याला न विचारता तिनं अख्खा संपवला आणि सरळ भट्टीपाशी गेली. भाजणाऱ्यानं काही लपवलं नाही. पीठ आदल्या दिवशी भिजवायचं. बाकी सगळं हाताला कळायला वेळ लागतो, म्हणाला.

परतताना धनंजय म्हणाला, "भेटला ना एकदाचा? आता तरी निवांत बस."

"आता तर काईच सुचून नाई राह्यलं."

"काऊन?"

"आतापर्यंत मले माईत नव्हतं ना."

पावसाळ्याआधी तिनं घरामागे भट्टी रचली. पहिले पिझ्झे दगडासारखे झाले. पुढे जरा बरे जमले, तेव्हा गाडीवर नेले. पोरांनी एकेक तुकडा खाल्ला आणि नेहमीचाच मागितला. तिला वाईट वाटलं, पण तिनं तवा पुन्हा चढवला. गाडीवर अजूनही तोच पिझ्झा मिळतो.

रात्री गाडी बंद करून घरी आली, की ती भट्टी पेटवते. परवा कडा छान फुगल्या. धनंजयनं खाऊन सांगितलं, अगदी नागपूरसारखा. छायानं तुकडा मोडून आत बोट दाबलं.

"मधात कच्चा आहे," ती म्हणाली आणि पुढचा गोळा थापायला घेतला.