पावणेचार तास

इथे आखातात, आमच्या अल बर्शातल्या इमारतीखाली विमानाची तिकिटं काढणारा एक चिपळूणकडचा माणूस बसतो. कुठलंही अंतर तो एसटीच्या हिशेबात सांगतो.

त्या दिवशी लिस्बनला जावयाचं चार वाजता ऑपरेशन होतं. लेक व्हिएन्नात, फोनवर रडत होती. फोन कानाला लावूनच मी खाली गेले.

"व्हिएन्नाहून बाराचं विमान आहे, मावशी. पावणेचार तास. चिपळूण-कोल्हापूर समजा."

मी बोटांवर मोजलं. लेकीला म्हणाले, "पावणेचारला उतरशील. तोवर त्याला आत नेतील. जाऊ नकोस."

तिकिटवाल्याने फोन हिसकावला. "ताई, आईचं ऐकू नका! लिस्बनचं घड्याळ व्हिएन्नाच्या तासभर मागे आहे. पावणेतीनला उतराल. यल्ला, निघा!"

लेक वेळेत पोचली. त्याचे आभार मी अजून मानलेले नाहीत. तिला मी थांबवत होते, हे त्याने ऐकलंय.