उंबऱ्यातला वाचक

माझ्या मेव्हण्याइतका लोकांच्या तोंडाकडं टक लावून बघणारा माणूस सातारा-सांगलीत दुसरा झाला नसेल. आम्ही तिघांनी मिळून केलेली शेवटची साधी गोष्ट म्हणजे दारात उभं राहून एक वरात बघणं. मी, माझी बायको आणि तिचा हा धाकटा भाऊ. नवरदेवाकडं आमच्यातल्या कुणाचंच लक्ष नव्हतं. मी ट्रॅक्टरवरच्या भोंग्यांना शिव्या देत होतो, बायको गाणं ऐकत ओठ हलवत होती आणि हा बायकोच्या ओठांकडं बघत होता. गाण्यातली पोरगी नवी साडी नेसून एसटी स्टँडवर कुणा पोराची वाट बघत होती. ती घड्याळात बघते इथवर आलं आणि ट्रॅक्टर कोपऱ्यावर वळला. मागं राहिला नुसता दणदणाट.

"मग त्यो येतो का न्हाई रं?" बायकोनं विचारलं.

"उद्या सकाळी सगळं गाणं आणून देतो आक्का," म्हणत हा चपला अडकवून वरातीमागं पळालासुद्धा.

माणूस मूळचा माण तालुक्यातला. सगळी उमर मुंबईच्या एका छापखान्यात गेली, निम्मे कान तिथल्या मशिनींनी खाल्ले. आणि म्हातारपणी ह्याच्या डोक्यात काय शिरावं, तर गाण्यांचं मासिक काढायचं. भजनांचं नव्हे, पोरं वरातीत नाचतात त्या आजकालच्या गाण्यांचं. त्यासाठी सांगलीत हळदीच्या पेठेमागं खोली घेतली, आणि दोन वेळचं जेवण अर्थातच आमच्याकडं. मी तोंडावर सांगितलं, "गड्या, फोनात फुकट मिळतंय ते. कागदावर कोण वाचणार?" तर म्हणतो, "त्योच तर हुडकतोय दाजी. वाचक घावला की मासिक निम्मं झालं."

मग हुडकणं सुरू झालं. कॉलेजच्या फाटकावर उभा राहिला, तर पोरी म्हणाल्या, "आजोबा, कुणाला न्यायला आलाय?" रिक्षात बसून गावभर हिंडला आणि तोंड पाडून आला. "रिक्षावाल्यांचं काय खरं न्हाई दाजी. सवारी बदलली की गाणं बदलत्यात." मग लग्नं धरली. वरातीच्या पुढं उलटा चालायचा, म्हणजे गाणं कोण म्हणतंय ते तोंडावरनं दिसतं. असा उलटा चालत एकदा नवरदेवाच्या घोड्याचा लगाम धरणाऱ्यावर पडला, एकदा गटारात गेला. पाटणकडच्या एका लग्नात तर कहर झाला. नवरीकडच्यांना वाटलं हा नवऱ्याचा चुलता, नवऱ्याकडच्यांना वाटलं हा नवरीचा मामा. विचारणार कोण? आमच्याकडं लग्नात एखाद्याचा मान चुकला तर तो माणूस मरेपर्यंत ते उकरून काढत बसतो. म्हणून दोन्हीकडच्यांनी ह्याला बसवून टॉवेल-टोपी दिली, कुंकू लावलं, आणि ह्यानं गुमान घेतलं. पुढं हे लग्नोलग्नी चाललं. आज मी अंघोळीनंतर अंग पुसतो तो टॉवेलही असल्याच कुठल्या तरी अनोळखी नवरीच्या बापाचा आहे. बायको तो वाळत घालताना दर वेळी हसायची. आता मीच घालतो, आणि वाऱ्यानं पडला तर पडलेला राहतो.

तत्त्वाचा मात्र लय पक्का. गाण्यातला शब्द जसा असेल तसाच कागदावर यायला पाहिजे. मी एकदा म्हणालो, "एकच ओळ चारदा आलीय, एकदाच लिही की." तर पुढ्यातला चहा तसाच ठेवून उठला. "आपल्या पदरचं घालायचं न्हाई आन् त्येंचं काढायचं न्हाई दाजी! छापील म्हंजे छापील!"

वाचक शेवटी आमच्याच स्वयंपाकघरात सापडला. बायको तांदूळ निवडत गुणगुणत होती. एक गाणं मध्येच तुटलं, दुसरं सुरू झालं, तेही तुटलं.

"आक्का, पुढचं म्हण की."

"पुढचं कुठलं? वरात गेली की पुढं. आपल्या दारात जेवढं वाजलं तेवढंच मला येतंय."

हा असा उठला की सुपातले तांदूळ सांडले. "दाजी, घावला! नाचणारा आपला वाचक न्हाईच, त्येला शब्द कशाला पायजेत? ज्येच्या दारावरनं गाणं अर्धं निघून जातं, त्यो आपला वाचक. उंबऱ्यात हुबा हाय बघा!"

"आदी तांदूळ भर," बायको म्हणाली. "आन् अक्षरं मोठी काढ. गाण्यातल्या पोरीची आई काय करती त्ये पण लिव्ह. त्ये कुणीच सांगत न्हाई."

त्या दिवसापासून तो लिहून आणायचा आणि ती चौथीपर्यंत शिकलेली बाई बोट ठेवून वाचायची. तिनं नापास केलं की हा पुन्हा लिहायचा. मी म्हणायचो, दोघंही वाया गेलेत. पण त्या दिवसांत आमच्या घरात आवाज होता.

मासिक काही निघालं नाही. तो परत माणात, दहिवडीला गेला. मधून येतो, आम्ही समोरासमोर बसतो, चहा मी करतो आणि साखर जास्त झाली तरी मेव्हणा गुमान पितो. बाहेर वरात वाजायला लागली तर आम्ही दोघंही उठत नाही. ते स्टँडवरल्या पोरीचं गाणं मी नंतर शेजारणीच्या फोनवर पुरतं ऐकलं. पोरगी घड्याळात बघते, तीच ओळ फिरून फिरून येते आणि गाणं संपतं.

त्या वरातीच्या दुसऱ्या दिवशी बायको उठलीच नाही. झोपेतच गेली. मेव्हण्याला निरोप पोचायच्या आत तोच आला, कोपऱ्यावरनं ओरडत, "आक्का, आणलं गं!" दारातला चपलांचा ढीग बघून थांबला. मग आत आला, तिच्या उशाशी बसला, चष्मा लावला आणि खिशातनं गाण्याचा कागद काढला.

"आवं, हितं गाणं कसलं वाचताय?" शेजारचे म्हातारे म्हणाले.

"वाचू द्या त्याला," मी म्हणालो. "तिनं मागितलंय."

त्यानं वाचलं. कोर्टाची नोटीस वाचावी तसं, जी ओळ जितक्यांदा आली तितक्यांदा. साडी झाली, स्टँड झाला, घड्याळ झालं. कागद संपला. त्यानं तो उलटा केला. पाठीमागं कोरं होतं. त्या कोऱ्या कागदावर बोट ठेवून, तिच्यासारखंच सावकाश, त्यानं वाचलं, "आन् त्यो येतो, आक्का."